तांदळाचं धुवण

अंधाऱ्या खोलीत नमुने पळवलेल्या पारदर्शक जेलच्या तुकड्याखाली जांभळा दिवा लागला आणि मी रांगा मोजायला लागले. पहिल्या सहा रांगा पाणी मिळालेल्या ज्वारीच्या. प्रत्येकीत एकच पट्टी, जिथं हवी तिथं. पुढच्या सहा रांगा तहानलेल्या ज्वारीच्या. त्यांत प्रत्येकीत दोन पट्ट्या दिसायला हव्या होत्या, एक वरची आणि तिच्या जरा खाली दुसरी. सातव्या रांगेत दोन होत्या. आठव्या रांगेत एक. नवव्या रांगेत एक. दहाव्या आणि अकराव्या रांगेत दोन दोन. बाराव्या रांगेत परत एकच.

सर माझ्या मागं उभे होते. त्यांनीही मोजल्या असणार.

"सहाही रोपांचं पाणी एकाच दिवशी तोडलंत ना?"

"हो सर."

"मग तहान तिघांनाच कशी लागली?"

मी परत रांगा मोजल्या.

"नळ्यांची अदलाबदल झालीय. पाणी दिलेल्या रोपांचे नमुने दुसऱ्या नळ्यांत गेलेत. तुमचा हात अजून बसलेला नाही."

सर सगळ्या विद्यार्थ्यांना अहो-जाहो करायचे. रागावले की त्यातला आदर जास्तच टोचायचा.

"अदलाबदल झालेली नाही सर. माझा हात बसलाय."

सरांना असं तोंडावर कुणी बोलत नसे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील प्राध्यापक नाहीतर डॉक्टर होते, कुठं काय बोलू नये हे ती पोरं घरातूनच शिकून आली होती. मी नव्हते आले. सरांनी दिवा बंद केला.

"मग दाखवा. आठ दिवस आहेत."

आठ दिवसांनी प्रोजेक्ट जमा करायचा होता. आरएनएची चाचणी करायला लागणारं एन्झाइम चार नमुन्यांपुरतंच उरलं होतं, आणि नवं मागवलं तर यायला महिना. निकाल असाच अर्धा-अर्धा राहिला तर सर सही करणार नव्हते. सही नाही तर यंदा एमएस्सी नाही. घरच्यांनी मला दोन वर्षं म्हणून पाठवलं होतं. तिसऱ्या वर्षाचं कुणी बोललंच नव्हतं, त्यामुळं ते मागायचं कसं हेही मला ठाऊक नव्हतं.

आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. वडील सोयगावच्या बाजारात शिलाईचं काम करायचे, आई त्यांच्या शिवणाला काज-बटण करायची. दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी मशीन थांबवून विचारलं होतं, "तू करतीस काय गं तिथं, नेमकं?" मी खाली बसून कापडाच्या भाषेत सांगितलं.

जनुक म्हणजे पेटीत जपून ठेवलेला मापाचा कागद. पेशी तो बाहेर काढत नाही, त्याची नक्कल काढते. त्या नकलेला आरएनए म्हणायचं. पण निघालेली नक्कल जशीच्या तशी कामाला येत नाही. तिच्यात कामाचे तुकडे असतात आणि त्यांच्या मधे मधे बिनकामाचे. पेशी बिनकामाचे तुकडे कापून टाकते, कामाचे एकाला एक जोडते. या कापण्या-जोडण्याला स्प्लायसिंग म्हणतात. इथवर सगळं सरळ आहे. पण कामाच्या तुकड्यांतला प्रत्येक तुकडा दर वेळी घेतलाच पाहिजे असं नाही. वेळ बघून पेशी एखादा घेते, एखादा वगळते. जोडणी बदलली की त्या नकलेवरून बनणारं प्रथिन बदलतं. जनुक एकच, प्रथिनं मात्र दोन, कधी चार, कधी त्याहून पुष्कळ.

वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हंजे बाही जोडली तर सदरा आन नाय जोडली तर बंडी."

"व्हय. तेच."

"मग एवढ्यासाठी औरंगाबादला कशाला गेलीस? हितंच शिकवलं असतं."

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं.

माझ्या ज्वारीत मात्र बाहीचा हिशेब उलटा होता, आणि तो वडिलांना मी नीट सांगू शकले नव्हते. आम्ही बघत होतो ते जनुक रोपाला तहानेशी झुंजायला लावणारं. पाणी असतं तेव्हा पेशी त्याच्या नकलेत एक जादा तुकडा राहू देते. त्या तुकड्यामुळं प्रथिन बनता बनता मधेच थांबतं, अर्धवट राहतं, कामाला येत नाही. रोपाला तेच हवं असतं, कारण पुरं प्रथिन बनलं तर वाढ खुंटते. पाणी तुटलं की पेशी तोच तुकडा वगळते. मग प्रथिन पुरं बनतं आणि ते तहानेच्या वेळची बाकीची जनुकं जागी करतं. तुकडा ठेवला तर अर्धवट, वगळला तर पूर्ण. जेलवर लहान नक्कल जास्त खाली पळते. म्हणजे खालची पट्टी दिसली तर त्या रोपानं दुष्काळ ओळखला, दिसली नाही तर नाही ओळखला. माझा सगळा प्रोजेक्ट त्या एका खालच्या पट्टीचा होता.

रोपं मी राहत होते तिथल्या गच्चीवर होती, कारण कॉलेजच्या रोपवाटिकेची बोअर त्या वर्षी आटली होती. गारखेड्यात तिसऱ्या मजल्यावर माझी एक खोली. गच्चीवरून पुंडलिकनगरच्या बाजूला नवे स्लॅब पडताना दिसायचे. नव्या इमारतींच्या स्लॅबवर टँकरचं पाणी दिवसभर उभं असायचं, आणि खाली आमच्या गल्लीत नळ कोणत्या दिवशी येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. लागोपाठ दुसरं कोरडं वर्ष होतं. बाया घागरी लावून बसायच्या आणि समोरच्या इमारतीला आणखी एक मजला चढायचा. मी एका ड्रमात पाणी साठवायची. त्यातलं मोजून रोपांना, उरलेलं मला.

काळ्या मातीच्या बारा पिशव्या, जेलवरच्या रांगांचेच नंबर लावलेल्या. कुठली कुठं ठेवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, म्हणजे ऊन-सावलीचा पक्षपात नको. सहा पिशव्यांची रांग टाकीकडं, त्यांना रोज पाणी. सहांची रांग कठड्याकडं, त्यांचं पाणी सोमवारपासून बंद.

त्याच बुधवारी आई आली. गावातले हापसे कोरडे पडले होते आणि माझे परीक्षेचे दिवस होते, म्हणून पिठाची गाठोडी घेऊन ती राहायलाच आली. गच्चीवर वाळवण घालायला म्हणून गेली आणि तशीच खाली आली.

"तिकडची झाडं वाळू लागली की गं."

"वाळू दे. त्यांना पाणी द्यायचं नाही."

"आन टाकीकडच्या सहाला?"

"त्यांना द्यायचं."

आई माझ्याकडं बघत राहिली. "येका पंगतीत बसवून सहाला वाढायचं आन सहाचं पान कोरडं ठिवायचं? हे शिकिवतेत व्हय तुमाला?"

"आई, प्रयोग आहे तो."

"आसंल. पंगतीत दुजाभाव केला तर वाढणाऱ्याला लागतं, येवढं मला ठावं हाय."

"तुला हात जोडते, पाणी घालू नको. माझं वर्ष आहे त्यात."

"नाय घालत बाई," ती म्हणाली आणि पीठ चाळायला बसली.

शनिवारी सकाळी मी पानं तोडली. तोडल्या क्षणी ती द्रव नायट्रोजनच्या थर्मासमध्ये टाकावी लागत, नाहीतर आरएनए फुटतो. तो नायट्रोजन आम्ही जनावरांच्या दवाखान्यातून मागून आणायचो. तिथं तो वळूंचं वीर्य गोठवायला वापरतात. आईला हे सांगितलं नव्हतं. थर्मास घेऊन मी रिक्षानं कॉलेजला गेले, पुढचे दोन-तीन दिवस प्रयोगशाळेतच गेले, आणि शेवटी तो जांभळा दिवा लागला.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई खिचडीसाठी तांदूळ निवडत होती.

"तोंड का उतरलंय? कोण बोललं का?"

"सर बोलले."

"काय म्हणले?"

कुणाला तरी सांगायचंच होतं. "सहा रोपांना मी तहानलेलं ठेवलं. त्यातली तीन म्हणतात, आम्हाला तहान लागलीच नाही. सर म्हणतात मी गोंधळ केला."

आईचा सुपातला हात थांबला. खडा सापडल्यासारखी ती तांदळाकडं बघत राहिली.

"मी लई नाय दिलं," ती म्हणाली.

"काय?"

"शुक्रवारच्याला. ह्येच, खिचडीचे तांदूळ धुतले हुते. ते धुवण फेकायचं का? ज्या सालात माणसं तोंड धुतलेलं पाणी झाडाला घालतेत त्या सालात मोरीत वतायचं? घोट घोट दिलं. तिघांनाच पुरलं. लई मान टाकल्याली जी हुती त्यांना."

"मी नको म्हणाले होते ना!"

"तू डरमातलं नगं म्हणली हुतीस."

"मी पाणी नको म्हणाले होते, आई!"

"धुवण म्हंजे पाणी असतंय व्हय?" तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "आता काय व्हईल?"

शनिवारची सकाळ माझ्या डोळ्यापुढं आली. पानं तोडताना कठड्याकडच्या काही रोपांची पानं मला जरा उलगडल्यासारखी वाटली होती. तहानलेली ज्वारी पानं सुरळीसारखी गुंडाळून घेते, आणि ही तशी घट्ट गुंडाळलेली नव्हती. असेल कठड्याची सावली, म्हटलं. वही मांडीवर होती. मी लिहिलं: सहाही रोपांची पानं गुंडाळलेली. मला सहा सारखी हवी होती, मी सहा सारखी लिहिली. कुठल्या पिशव्या उलगडलेल्या वाटल्या ते आता आठवतही नव्हतं, कारण लिहिलंच नव्हतं.

नळ्या बदलल्या नव्हत्या. माझा हात खरंच बसलेला होता. खोटी होती ती वहीतली ओळ.

"कुठल्या तीन?" हे शब्द अगदी ओठावर आले आणि मी तोंड मिटलं. मला कळलं असतं, तर उद्या सरांपुढं आईनं काहीही सांगितलं तरी ते मी पढवलेलं ठरलं असतं. मी उठले, गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि चावी दप्तरात टाकली.

"आई, कुठल्या तीन ते मला सांगू नको. उद्यापर्यंत गच्चीवर जाऊही नको."

"आता मला कोंडून घालतीस का?"

"तुला नाही. गच्चीला."

तिनं त्या दिवशीचं धुवण बादलीत ठेवून वर ताट झाकलं. मोरीत ओतलं नाहीच.

सकाळी रिक्षात बसले तेव्हा दोन रस्ते मला स्पष्ट दिसत होते. सात, दहा, अकरा या तीन रांगा चांगल्या होत्या. बाकीचे तीन नमुने खराब झाले म्हणायचं, तिघांवर प्रोजेक्ट लिहायचा, सर कुरकुरत का होईना सही करतील. आईबद्दल बोलायचंच नाही. वहीतली ओळ कोण तपासायला बसलंय? दुसरा रस्ता म्हणजे सगळं सांगायचं. मग आईचं अडाणीपण सगळ्या विभागात चघळलं जाणार, आणि खोटी नोंद केली म्हणून सर माझी वहीच बाजूला ठेवू शकत होते. रिक्षा कॉलेजपाशी थांबली तरी माझं ठरलं नव्हतं. खोटं कशाला बोलू.

दारात प्रयोगशाळेचे चाचा बसले होते. शुद्ध पाणी तयार करायचं यंत्र त्यांच्या ताब्यात. यंत्र थंड ठेवायला नळाचं पाणी सतत वाहतं लागतं, त्यामुळं कितीतरी दिवस ते बंदच होतं आणि चाचा त्याच्या बाजूला आजारी जनावरापाशी बसावं तसे बसायचे.

"आज अंदर जाना नक्को बेटा. साब का पारा चढेला है."

"जाना पडेंगा चाचा."

"हौ? तो पहले पानी पी ले. सूखे मुँह से डाँट नक्को खाना."

त्यांनी आपल्या बाटलीतलं अर्धा पेला पाणी दिलं. ते पिताना माझं ठरलं. का ठरलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित एवढंच की, काल सरांना मी तोंडावर म्हणाले होते माझा हात बसलाय, आणि आज तीन नमुने खराब झाले म्हणायचं तर हात बसला नाही हे मीच कबूल करणार होते. खोटं बोलून वर अपमानही घ्यायचा, हे मला परवडणारं नव्हतं.

मी सरांच्या टेबलावर आधी चावी ठेवली.

"ही गच्चीची चावी. माझ्या आईनं शुक्रवारी संध्याकाळी सहापैकी तीन रोपांना तांदूळ धुतलेलं पाणी घातलं. कुठल्या तीन ते मी तिला विचारलेलं नाही. काल संध्याकाळपासून वर कुणी गेलेलं नाही."

सरांनी पेन खाली ठेवलं. "वहीत काय लिहिलंय?"

"सहाही रोपांची पानं गुंडाळलेली."

"आणि दिसलं काय होतं?"

"काही उलगडलेली वाटली होती."

"मग तसं का नाही लिहिलं?"

"सहा सारखी हवी होती म्हणून."

खिडकीतून पाण्याच्या टँकरचा भोंगा ऐकू आला. सर बाहेर बघत होते.

"काल म्हणालात हात बसलाय. बसला असेल. डोळा बसलेला नाही." ते उठले. जेलचा फोटो त्यांनी एका पाकिटात घातला, पाकीट खिशात. "चला. मावशी घरी आहेत ना?"

आईनं सरांना बघून पदर डोक्यावर घेतला आणि काही बोलण्याआधी पेला भरून पाणी पुढं केलं. काठोकाठ. त्या दिवसांत आम्ही एकमेकींना अर्धाच भरायचो. सरांनी पेल्याकडं पाहिलं, सगळं पाणी प्यायले आणि पेला परत दिला.

"गुरुजी, पोरीचा काय दोष नाय. मला शिक्षा करा."

"शिक्षा नाही मावशी. आधी मी वर जातो. हाक मारली की या."

ते एकटेच गच्चीवर गेले. हाक आली तेव्हा आम्ही दोघी वर गेलो. पिशव्या जिथल्या तिथं होत्या, पण नंबराच्या चिकटपट्ट्या सरांनी कठड्याच्या बाजूला फिरवल्या होत्या. मला त्यांनी टाकीपाशी उभं केलं, पाठ पिशव्यांकडं करून. मी हट्टानं अर्धी वळले. त्यांनी चालवून घेतलं.

"मावशी, कुठल्या तिघांना घातलंत? फक्त बोट दाखवा."

आता सहाही रोपं सारखीच वाळकी दिसत होती. शुक्रवारच्या घोटभर पाण्याचं नाव-निशाण नव्हतं. आई रांगेच्या एका टोकाला गेली आणि लगेच म्हणाली, "ह्ये."

सरांनी पिशवी फिरवली. बारा.

बाराव्या रांगेत पट्टी एकच होती. सरांचा चेहरा तसाच.

"दुसरं?"

"त्याच्या पल्याडचं सोडून, ह्ये."

नऊ.

"तिसरं?"

आई थांबली. शेजारी शेजारी दोन पिशव्या होत्या. ती एकीकडं बोट न्यायची, परत घ्यायची. "ह्ये… नाय. का ह्येच?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मला आठ हवा होता आणि तो त्या दोघींतल्या कुठल्या पिशवीवर आहे ते मलाही माहीत नव्हतं. चुकीचं बोट पडलं असतं तर आधीची दोन्ही बोटं अंदाजानं लागलेली ठरली असती. समोरच्या इमारतीवर काँक्रीट कालवायचं यंत्र घरघरत होतं. खालून एक बाई कुणाला तरी ओरडत होती, "रांग सोडू नगंस!"

"सावकाश," सर म्हणाले.

आई खाली बसली. एका पिशवीतली माती तिनं नखानं खरवडली, बोटं डोळ्याजवळ नेली. दुसरीतली खरवडली. मग तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"हे बघा की गुरुजी. पांढरं. तांदळाचं धुवण हाय ते, वाळलं की थर सोडतंच. पातेल्याला सोडतंय, मातीला नाय सोडणार?"

काळ्या मातीच्या ढेकळावर ताकाच्या डागासारखा पुसट पांढरा पापुद्रा होता. सरांनी पिशवी फिरवली.

आठ.

सर गुडघ्यावर बसले आणि सहाही पिशव्यांची माती एकेक करून तपासली. आठ, नऊ, बारा यांच्यावर पांढरं होतं. सात, दहा, अकरा यांची माती काळी, भेगाळलेली. मग त्यांनी खिशातलं पाकीट काढून फोटो परत एकदा पाहिला, जणू तो मधल्या काळात बदलला असेल.

"हा पुरावा नाही," ते मला म्हणाले. "हा माग आहे. पुरावा तुम्ही करायचा. किती वेळचं एन्झाइम आहे?"

"चार."

"मग दोन रोपं घ्या, ज्यांना आजपर्यंत काहीच मिळालेलं नाही अशी. पाण्याआधी एक पान, पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच रोपाचं दुसरं पान. रोप तेच, जनुक तेच, फरक फक्त पाण्याचा. मावशी, किती घातलं होतंत?"

"घोटभर."

"कशानं?"

आईनं खालून फुलपात्र भरून आणलं. मी ते मोजपात्रात रिकामं केलं आणि आकडा वहीत लिहिला. या वेळी मी लिहिताना सरांनी वहीवर वाकून पाहिलं.

सात आणि दहा निवडली. अकरा राहिली. जाताना सरांनी गच्चीची चावी मला परत दिली.

पानं तोडली, आईनं फुलपात्रानं दोघांना साधं पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी परत पानं तोडली. आरएनए काढायला शुद्ध पाणी लागतं, आणि यंत्र बंद. मी चाचांपुढं जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी कपाटाच्या मागून कागद गुंडाळलेली एक बाटली काढली.

"आखरी है. किसी कू बोलना नक्को, सबच माँगेंगे."

चार नळ्या. एक जरी सांडली, एक जरी उष्टी झाली, तरी संपलं. नळ्यांची झाकणं उघडताना मी श्वास रोखून धरत होते. दुपार कलताना जेल त्या खोलीत नेला. सर आले. दिवा लागला.

पहिली रांग, सात नंबर, पाण्याआधी: दोन पट्ट्या. दुसरी, सात नंबर, पाण्यानंतर: एक. तिसरी, दहा नंबर, पाण्याआधी: दोन. चौथी…

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

चौथ्या रांगेत वरची पट्टी ठळक होती. खाली काही नाही म्हणता आलं असतं. दोन-एक-दोन-एक, किती छान दिसलं असतं. मी वाकले.

"चौथ्या रांगेत खालची पट्टी पुसट उरलीय, सर. पूर्ण गेलेली नाही."

"मलाही दिसतेय. लिहा."

मी लिहिलं. मग त्यांनी वहीची मागची पानं उलटली, शनिवारच्या नोंदीवर बोट ठेवलं. "ही खोडा. पण वाचता येईल अशी. एकच रेघ. शेजारी खरं काय ते लिहा आणि सही करा." मी तसं केलं. माझ्या सहीखाली त्यांनी स्वतःची केली.

परीक्षकांनी पुढं नेमकं तेच पान उघडलं. तोंडी परीक्षेतला निम्मा वेळ त्या एका रेघेवर गेला, आणि नोंदींच्या गुणांत मी चांगलाच मार खाल्ला. पण प्रोजेक्ट पास झाला, त्याच वर्षी, आणि आठ, नऊ, बारा या रांगा त्यात जशाच्या तशा छापलेल्या आहेत. खाली लिहिलंय: या तीन रोपांना आदल्या संध्याकाळी तांदूळ धुतलेलं पाणी मिळालं होतं. कुणी दिलं तेही लिहिलंय.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा ऊन अजून गच्चीवर होतं आणि आई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती.

"झालं का?"

"झालं. खालची पट्टी पाणी मिळाल्यावर जाते. तुझी तीन रोपं खरं बोलत होती."

"झाडं खोटं कशाला बोलतील? त्यांला काय पास व्हायचंय?" ती म्हणाली. मग जरा थांबून, जसं मी लहानपणी तिला काही मागताना थांबायची तशी, म्हणाली, "मंग ते अकरा लंबरचं राह्यलंय. येवढ्या दिसात त्याच्या येकट्याच्या तोंडात थेंब नाय पडला. आता तरी घालू का?"

फुलपात्र तिच्या पदराखाली भरलेलंच होतं.

"घाल," मी म्हणाले, आणि दप्तरातून गच्चीची चावी काढली.